विसाचं दान

मित्रांनो, मी एक जुना फासा आहे. सारीपाटावरचा लांबट फासा नव्हे आणि लुडोतला चौकोनी ठोकळाही नव्हे. मला वीस बाजू आहेत. पहिल्यांदा हातात घेणारा विचारतो, हे आवळ्यासारखं काय आहे? हसा, हसून घ्या. एके काळी उदगीरच्या एका गोदामात माझ्यापायी माणसांचा जीव टांगणीला लागायचा.

माझा जन्म नांदेडजवळ विष्णुपुरीला, इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये झाला. असले फासे लांबून पार्सलनं मागवावे लागत, आणि मन्मथला तेवढा धीर कुठला? त्यानं ॲक्रिलिकचा एक टाकाऊ तुकडा उचलला आणि कानशीनं घासघासून मला घडवलं. कर्कटकानं आकडे कोरले. सहाखाली रेघ मारायला मात्र विसरला. सहा की नऊ, यावरून पुढं कैक भांडणं झाली.

शिक्षण संपलं, नोकरी काही लागली नाही, आणि मन्मथ मला घेऊन उदगीरला वडिलांच्या किराणा दुकानात येऊन बसला. दुकान बंद असेल त्या वारी मागच्या गोदामात पोत्यांवर आमचा खेळ रंगायचा. खेळ असा, की मन्मथ गोष्ट सांगायचा आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं व्हायचे. दरी ओलांडायची, राक्षसाला फसवायचं, असं काही अवघड आलं की मला फेकायचं. मोठा आकडा पडला तर जमलं, लहान पडला तर आपटलं. वीस पडणं म्हणजे तर कमालच.

खेळायला दोघंच. एक शेजारचा ग्यानोबा. तो गोष्टीत घोडेस्वार होता आणि खऱ्यात सायकलवरून पडायचा. दुसरी गल्लीतली सिंधु, नुकतीच कॉलेजात जायला लागलेली. पहिल्या दिवशी मन्मथनं तिला विचारलं, "तू कोण होणार? राजकन्या, जादूगारीण, काय पायजे ते हो."

"मी पाणाडी होते," ती म्हणाली. "काठी घेऊन जमिनीतलं पाणी धुंडणारी."

कुणी हसलं नाही. लातूरला रेल्वेनं पाणी आणलं ते साल होतं. आमच्या गल्लीत टँकर यायचा, पण कधी येईल त्याचा नेम नसायचा. हॉर्न वाजला की हातातलं टाकून घागरी घेऊन पळायचं.

उदगीरचा नवा जिल्हा होणार, होणार, अशी तेव्हा गावभर चर्चा असायची. मन्मथनंही गोष्टीतलं राज्य तोडून नवा जिल्हा केला, आणि त्या जिल्ह्याची एकुलती एक नदी राक्षसानं गिळून टाकली. ती सोडवायची, हेच सिंधु आणि ग्यानोबाचं काम.

सिंधुच्या आईचा, साखराबाईचा, पाय मोडला होता. घरात पाणी भरणारी सिंधु एकटीच. साखराबाईनं तिला बजावलं होतं, "खेळ माय, खेळ. पन एक बार जरी टँकर चुकला, तर मामाकडं किनवटला धाडीन. तिकडं हिरीला पानी हाय. कॉलेज-बिलेज बास मग." सिंधुनं मान डोलावली होती. तिला कॉलेज सोडायचं नव्हतं, आणि खेळही सोडायचा नव्हता.

मन्मथची एक हातोटी होती. बाहेरचा कुठलाही आवाज तो गोष्टीत ओढून घ्यायचा. कुत्रं भुंकलं की लांडगे आले. त्याच्या आईच्या, शांतम्माच्या, कुकरची शिट्टी झाली की राक्षस फुत्कारला. काही झालं तरी गोष्ट तुटू द्यायची नाही, हा त्याचा बाणा. मला त्याचं लई कौतुक होतं. आग लागो त्या कौतुकाला.

त्या दिवशी पाणाडीण राक्षसाच्या पोटापाशी पोचली होती. आता काठीचा घाव घालायचा, आणि वीसच पडायला हवेत, एकही कमी नाही. तेवढ्यात बाहेर लांबलचक हॉर्न वाजला.

मन्मथनं आवाज खाली आणला. "राक्षसानं शिंग फुंकलं," तो म्हणाला. "त्याची फौज निघाली. आता न्हाई तर कधीच न्हाई."

बाहेर घागरी खणखणल्या. "ढाली आपटायलेत," मन्मथ म्हणाला. तो काही खोटं बोलत नव्हता. तो गोष्टीत इतका आत गेला होता की त्याला खरोखर ढालीच दिसत होत्या, आणि त्याच्यामागून ते दोघंही गेले होते. मला सगळं कळत होतं, पण फाशाला बोलता कुठं येतं?

सिंधुनं मला फेकलं. मी पोत्यावरून घरंगळलो, फरशीवर आलो, थांबलो. वीस पडले होते.

राक्षसाचं पोट फुटलं. मग मन्मथनं नदी सांगितली. ती कशी पांदीच्या वाटेनं आली, कशी आडात उतरली, कसे दारोदारचे रांजण भरून वाहिले. ग्यानोबा नाचत होता. सिंधु हसता हसता रडत होती. माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा क्षण तोच होता, आणि त्याची मला आजही शिसारी येते.

दार उघडलं तर गल्ली ओली होती आणि टँकर गेला होता. सिंधुनं मला फरशीवरून उचललं होतं, तसंच मुठीत धरून ती उभी राहिली. शांतम्मा घागर घेऊन परतत होती. "मला वाटलं, तू कवाच भरून घरी गेलीस," ती म्हणाली. मग तिनं आपली घागर सिंधुच्या हातात दिली.

साखराबाई उंबऱ्यात पाय लांब करून बसली होती. तिनं घागरीकडं पाहिलं.

"ही शांतम्माची हाय. आपली कुटं हाय?"

"माय, ऐकूच न्हाई आलं."

साखराबाई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "तिच्याबी घरात माणसं हायत," ती म्हणाली. "परत देऊन ये. अन् पिशवी भर."

एसटी स्टँडवर मन्मथ आला, तेव्हा सिंधुनं मला त्याच्या तळहातावर ठेवलं.

"सुट्टीत ये," तो म्हणाला. "पुढची गोष्ट सांगतो."

"पुढं काय राहिलंय, दादा? नदी तर आली."

किनवटला तिचं पुढच्याच वर्षी लग्न झालं. पाऊसही पडला, नळाला पाणीही आलं. ग्यानोबा पुण्याला गेला. मन्मथनं त्यानंतर एकही गोष्ट सांगितली नाही. कागदी पिशव्या उडू नयेत म्हणून तो मला त्यांच्यावर ठेवतो. रस्त्यावर कुठलाही हॉर्न वाजला की तराजू तसाच सोडून दारात जातो. गिऱ्हाईक ताटकळतं, आणि हा रिकाम्या रस्त्याकडं बघत राहतो.

मित्रांनो, खेळा, जरूर खेळा. पण एकाचा कान दाराकडं असू द्या, आणि हाक आली की गोष्ट अर्धी टाकून उठा. अर्धी राहिलेली गोष्ट काही मरत नाही. पाणी भरून झालं की मात्र परत या. सांगणाऱ्याला पोत्यांवर एकटं बसवून ठेवू नका.