तोरड्यांचे चरे

शेषेरावांनी मोटारसायकलचं कव्हर उन्हात धरलं, उलटं केलं, पुन्हा सरळ केलं. मग खालच्या कडेवरून अंगठा हळूहळू फिरवला, अंधारात काहीतरी चाचपावं तसा.

"तडा कुठं होता ते तुमाला सुदा सापडायचं न्हाई मामा," अश्वजित हसून म्हणाला.

"तडा न्हाई बघत मी. हितं चरे होते."

"कोणते चरे?"

"हितं, खाली. बारीक बारीक. लई होते."

अश्वजितला ते चांगले आठवत होते. त्यानेच ते पॉलिशपेपरने घासून काढले होते.

लातूरला गंजगोलाईच्या मागच्या बोळात त्याचं दुकान. इंजिनाला तो हात लावत नसे. जुन्या मोटारसायकलींचं तडकलेलं प्लास्टिक जोडणं एवढंच त्याचं काम. बाजूची कव्हरं, मीटरचे डबे, दिव्याभोवतीची टोपणं. असे भाग आता बाजारात मिळत नाहीत, मिळाले तरी नकली आणि पातळ. म्हणून पार नांदेड-उदगीरचे शौकीन त्याच्याकडे येत. तड्याच्या टोकाला बारीक भोक पाडून तो आधी तडा थांबवायचा, म्हणजे तो पुढे पळत नाही. मग आतून तारेचे टाके तापवून बसवायचा आणि त्याच जातीचं प्लास्टिक वितळवून फट भरायचा.

शेषेराव किल्लारीचे. त्यांची यामाहा तरुणपणी घेतलेली. गोठ्यात म्हशीचा धक्का लागून ती पडली आणि डाव्या बाजूचं कव्हर तडकलं. ते देताना त्यांनी बजावलं होतं, "फकस्त आतून जोडा. वरून हात लावू नका. तडा दिसला तर दिसू द्या." अश्वजित "हाव" म्हणाला होता. आतून जोड पक्का बसलाही. काम तिथेच संपलं होतं.

पण त्या दिवशी दुपारी रविकांत येणार होता. जुन्या गाड्या जमवणारा, मोबाइलवर फोटो टाकून गिऱ्हाईक पाठवणारा माणूस. त्याला दाखवायला काहीतरी चकचकीत हवं होतं आणि हाताशी तेच कव्हर होतं. अश्वजितने ते घासलं, पुट्टी भरली, रंग मारला. रविकांतने त्यात स्वतःचा चेहरा बघून केस नीट केले आणि म्हणाला, "मानलं बुवा." शेषेरावांचं बजावणं अश्वजित विसरला होता असं नाही. म्हाताऱ्याला आवडेलच, असं तो धरून चालला होता.

आता शेषेराव त्याच्याकडे बघत होते.

"घासावंच लागतं मामा," तो म्हणाला. "न्हाईतर जोड धरत न्हाई."

हे साफ खोटं होतं. तोंडातून सहज निघून गेलं.

शेषेराव स्टुलावर बसले. "मंग माझीच चूक. आणायलाच नको होतं."

 मग कव्हराकडे बघत ते सांगू लागले. "माझी पहिली मंडळी. तोरड्या घालायची पायात. मागं बसली की त्या हितं घासायच्या. गाडी नवी, मी लई वरडायचो, पाय बाजूला घे म्हणून. तिला हसू यायचं. भूकंपात घर बसलं तवा मी लातूरला, मिलमधी रातपाळीला. गाडी माझ्यापाशी, म्हणून गाडी वाचली. तिचा फोटो न्हाई, लुगडं न्हाई. घरातलं कायच हाती लागलं न्हाई. हे चरे तेवढे होते."

त्यांनी कव्हर पिशवीत घातलं. "काम चांगलंय तुमचं," असंही म्हणाले, आणि गेले.

त्यानंतर अश्वजितचं कामात लक्ष लागेना. पॉलिशपेपर हातात घेतला की तो थांबायचा. गिऱ्हाइकाला विचारायचा, "हा चरा राहू द्यायचा का?" लोक हसायचे. चरे घालवायलाच तर आणलंय, म्हणायचे. चरे गेले ते गेलेच, हे तो स्वतःला समजावू शकत होता. पण "माझीच चूक" हे शब्द काही केल्या जात नव्हते. आपलं पाप त्याने त्या म्हाताऱ्याच्या डोक्यावर ठेवून पाठवलं होतं.

शेवटी त्याने धम्मप्रियाला, बायकोला, सगळं सांगितलं. ती भाकरी थापता थापता थांबली.

"चरे काय परत येत न्हाईत. पण चूक त्यांची न्हवती, एवढं तर जाऊन सांगता येतंय की."

रविवारी तो किल्लारीच्या बसमध्ये बसला.

दारात केवळाबाई होत्या, शेषेरावांची दुसरी बायको. लातूरचा मिस्त्री म्हटल्यावर त्यांनी पाणी दिलं. गाडी ओसरीत उभी होती, डावी बाजू उघडी, आतल्या वायरी दिसत होत्या.

"कव्हर लावलं न्हाई?"

"पिशवीतून भाईर काढलं न्हाई त्यांनी." केवळाबाईंनी आवाज खाली आणला. "मला ठावं हाय ते चरे कुणाचे. इतकी सालं गाडी मीच पुसती. पर तिथं फडकं दाबून कदी फिरवलं न्हाई."

अश्वजितने उरलेलं पाणी तसंच खाली ठेवलं.

शेषेराव शेतातून आले. हातपाय धुऊन समोर बसले. अश्वजितने बाकी काही न विचारता सांगून टाकलं. घासायची गरज नव्हती. जोड आतूनच झाला होता. आपण दुसऱ्याला मिरवून दाखवायला ते केलं आणि तोंडावर खोटं बोललो. चूक तुमची नव्हती, माझी होती.

शेषेरावांनी खुंटीवर टांगलेल्या पिशवीकडे पाहिलं.

"माफ केलं म्हणू का?" ते म्हणाले. "म्हणवत न्हाई, मिस्त्री."

"म्हणू नका मामा. मी त्यासाठी न्हाई आलो."

"आलात हे बरं केलं." ते उठले. "जेवून जावा."

तिघं जेवले.  केवळाबाईंनी दोनदा आग्रह करून त्याला वरण वाढलं.

निघताना शेषेरावांनी खुंटीवरची पिशवी काढून त्याच्या हातात दिली. "हे घेऊन जावा. दुसऱ्या कुणाच्या गाडीला लागंल."

"मामा, गाडी उघडी राहील."

"राहू द्या."

त्यांनी गाडी बाहेर काढली, किक मारली आणि त्याला मागे बसायला सांगितलं. धूर सोडत गाडी भूकंपानंतर नव्याने वसवलेल्या गावाच्या सरळ आखलेल्या गल्ल्यांमधून निघाली. अश्वजितने पिशवी छातीशी धरली होती. पानटपरीवरून कुणीतरी हाक मारली, "शेषेराव, डाव्या अंगाचं कव्हर पडलं की वो कुठंतरी!"

शेषेरावांनी मान न वळवता नुसता हात वर केला आणि गाडी तशीच स्टँडकडे चालवत राहिले.