टायर नवीन आहेत

…रबराचे केस. बारीक, काळे, साच्यातून निघताना टायरवर राहिलेले. मधले दोन दिवसांत झिजले, कडेचे मात्र तसेच ताठ. म्हणजे मोटरसायकल अजून वळणावर झुकलेलीच नाही. कैलास ते बोटाने दाबून पाहत होता तेवढ्यात बायको, वर्षाराणी, खाली आली — तिच्या आधी त्याला तिची बॅगच दिसली. चार दिवसांच्या माहेरपणाला एवढी बॅग?

पाम गाव मागे पडलं. पालघरहून नाशिकची बस, पुढे धुळे. टायर बसवताना बोईसरचा चिंतू म्हणाला होता, "शंभर-दीडशे किलोमीटर जप रं भाऊ. नव्या रबराला पकड नाय. वळणावर आडवी टाकू नको, बिरेक कचकन दाबू नको." जपतोच आहे. टँकरवाल्यांनी कसलं कसलं सांडून ठेवलेला हा रस्ता, कुणाच्या बापाला फिकीर नाही…

"अहो, वरात काढलीय का माझी?"

"टायर नवीन आहेत."

"टायर बरे सांभाळता! बस चुकली म्हणजे?"

"उद्या जा."

ती हसली की चिडली — मागचं दिसत नाही. काल रात्री समोरच बसली होती, तेव्हा तरी कुठे कळलं? "या कारखान्यांच्या वासात मला पोर वाढवायचं नाही. धुळ्याला चला, नाहीतर मी चालले." आठ वर्षं कंत्राटात घासल्यावर आत्ता कुठे कायम झालो, ते सोडू? आणि तो वास… मला तर हल्ली येतच नाही. हे बरं की वाईट, तेही कळत नाही.

उमरोळीच्या पुढे रस्ता सरळ, कोरडा. काटा तिशीवरच. चिंतूने वळणावर जपायला सांगितलं होतं — इथे वळण कुठेय? मग हळू कोण चाललंय? भडव्या, टायरच्या आड लपतोस?

त्याने मूठ पिळली. चाळीस. पन्नास. आता ती म्हणेल, अहो, सावकाश. तो वाट पाहत राहिला. ती काहीच बोलली नाही — विश्वास म्हणून, की बस मिळाली काय, चुकली काय, तिचं जाणं कालच ठरून गेलं म्हणून? मघाशी निदान भांडत तरी होती. बस मिळणार, हे त्याला आत्ता पहिल्यांदा खरं वाटलं; आणि पन्नासच्या वेगात, मागे वळून न पाहता, तो मनातल्या मनात तिला विनवू लागला — बोल ना काहीतरी, शिवी दे, पण बोल.