पाठीवरचं पेट्रोल

धुवायला टाकण्याआधी केदारचा स्वेटर हुंगायचा, ही सवय चैत्रालीला गेल्या महिन्याभरात लागली होती. लाज वाटायची, पण हुंगल्याशिवाय राहवायचं नाही. आधी कॉलर, मग बाह्या. आठ महिन्यांची स्वरांगी आईचे हे उद्योग टक लावून बघायची.

परफ्यूमचा वास कधीच आला नाही. यायचा तो ग्रीसचा.

आयर्लंडमधल्या एनिसला त्यांच्या शेजारी राहणाऱ्या डोनलकडे १९५० सालचा शेवरोलेचा पिकअप ट्रक होता. म्हाताऱ्याचे गुडघे गेलेले, म्हणून हॉस्पिटलच्या ड्यूट्यांमधून वेळ काढून केदार तो दुरुस्त करत होता. आणि दर शनिवारी मदतीला गॉलवेहून यायची निहारिका. तिकडच्या कंपनीत इंजिनियर, गणपतीत ओळख झालेली. ती केदारला ‘केदार’ म्हणायची आणि चैत्रालीला ‘ताई’. दोघींमध्ये दोन वर्षांचं अंतर!

जेवताना हल्ली ट्रकशिवाय विषय नसे.

“युद्धानंतर कंपनीने ट्रक चालवणाऱ्यांनाच विचारलं, तुम्हाला काय हवंय,” केदार सांगायचा. “लोक म्हणाले, ऐसपैस बसता आलं पाहिजे आणि बाहेरचं नीट दिसलं पाहिजे. म्हणून सत्तेचाळीसच्या मॉडेलमध्ये तिघं मावतील असा बाक केला, काचा मोठ्या केल्या. निहारिकाला सगळं पाठ आहे गं!”

“हो का? आणखी काय काय पाठ आहे तिला?”

“समोरची काच मात्र दोन तुकड्यांची. अखंड काच यायला चोपन्न साल उजाडलं.”

टोमणा त्याच्या डोक्यावरून गेला होता. मीही मेकॅनिकलच केलंय रे, चाकणला चार वर्षं गिअरबॉक्सची ड्रॉइंग्ज काढलीत, असं ती म्हणणार, तेवढ्यात स्वरांगीने मूठभर मऊभात भिंतीवर फेकला.

तेव्हापासून मुलीला पाजताना ती एका हाताने फोनवर त्या ट्रकचा इतिहास वाचू लागली. एकावन्नमध्ये दाराला हवेसाठी छोटी तिकोनी काच आली, बावन्नमध्ये दाराच्या मुठीला बटण. कुणाला सांगायचं नव्हतं. फक्त निहारिकाला माहीत आहे ते आपल्याला माहीत नाही, हे सहन होत नव्हतं.

आज रविवार. दुपारी गावात जुन्या गाड्यांची फेरी होती. काल संध्याकाळी केदार आणि निहारिका ट्रक रस्त्यावर फिरवून आले होते, आणि आज सकाळीच दोघं पुन्हा डोनलच्या शेडमध्ये हजर. चैत्रालीने कालचा स्वेटर उचलला. कॉलर, बाह्या. काही नाही. घडी घालताना मात्र भपकन पेट्रोलचा वास आला. पाठीला. उजव्या खांद्याच्या मागे.

पाठीला कसं? इंजिनावर वाकलेल्या माणसाच्या छातीला लागेल, हाताला लागेल.

तिला वाचलेलं आठवलं. एकोणपन्नासपासून त्या ट्रकची पेट्रोलची टाकी केबिनच्या आत होती, बाकाच्या पाठीमागे. पेट्रोल भरायचं तोंड मात्र बाहेर, उजव्या अंगाला. म्हणजे टाकीपासून तिथे जाणारा पाइप उजवीकडे बसणाऱ्याच्या खांद्यामागे. अमेरिकन गाडी, चालवणारा डावीकडे. म्हणजे केदार उजवीकडे बसला होता. म्हणजे गाडी ती चालवत होती! चैत्राली चालवायला बसली की हाच माणूस दर वळणावर नसलेला ब्रेक दाबायचा.

‘जाऊ देत,’ तिला वाटलं. ‘बसू देत दोघांना त्या वासात.’

मग डोळ्यांसमोर आलं: बंद केबिन, भिजलेला बाक, एक ठिणगी. स्वरांगीला बाबागाडीत बांधून ती पळतच सुटली.

निहारिका स्टिअरिंगवर होती, पाय खालच्या स्टार्टरच्या बटणावर. केदार शेजारी, कशावर तरी हसत. डोनल दारात काठी टेकून उभा.

“स्टार्टरवरचा पाय काढ!” चैत्राली ओरडली. “दोघं खाली उतरा. आत्ता!”

“अगं, काय झालं? पिल्लू बरं आहे ना?”

“पेट्रोल गळतंय. टाकीपासून बाहेर जाणारा पाइप बघा.”

“वास का? जुन्या गाड्यांना येतोच तो, ताई,” निहारिका म्हणाली.

“बाक पुढे ओढ आणि हात लाव. मग सांग.”

निहारिकाने हात घातला. बाहेर काढला तो ओला. तिचा चेहरा उतरला.

“हा पाण्याचा पाइप बसवलाय कुणीतरी,” चैत्राली वाकून म्हणाली. “पेट्रोलने रबर फुगून फाटलंय.”

“माझ्या आधीच्या मालकाची करामत,” डोनल इंग्रजीत पुटपुटला. “आणि या गड्याच्या बायकोलाच तेवढं दिसलं!”

“पण घरी बसून तुला कळलं कसं?” केदारने विचारलं.

“तुझ्या स्वेटरच्या पाठीवरून.”

“आणि माझा स्वेटर तू का हुंगत होतीस?”

निहारिका हात पुसता पुसता थांबली. तिला कळलं असावं, कारण तिचे कान लाल झाले.

“का, ते तुला माहीत आहे,” चैत्राली म्हणाली. “पाना दे. फेरी पुढच्या वर्षी. आणि तेव्हा गाडी मी चालवणार.”

केदारने पाना पुढे केला.

तेवढ्यात स्वरांगी भोकाड पसरून रडू लागली. चैत्रालीचे हात पेट्रोलात, केदारचे ग्रीसमध्ये. शेवटी निहारिकानेच कामाचा कोट उतरवला, साबणाने हात धुतले आणि तिला उचललं. दोन फेऱ्या मारल्या नाहीत, तोच पोरगी तिच्या खांद्यावर गाढ झोपली.

घरी तिला झोपवायला पाऊण तास लागायचा. टाकीमागे डोकं घातलेल्या चैत्रालीने ते पाहिलं आणि पाना जरा जास्तच जोरात फिरवला.