आत आल्याचा निरोप

आमच्या लहानपणी कडी वाजली की कोण आलं ते आवाजावरून कळायचं. वडील एकदाच वाजवायचे, काका वाजवून वर हाकही मारायचे आणि आत्या कडीशी भांडण असल्यासारखी वाजवायची. आता माझ्या मुलाच्या दाराला कडी नाही. बोट टेकवायची काळी काच आहे, तिच्याखाली आकडे आहेत. बाहेरून कुणी बोटाने दार उघडलं की मुलाच्या फोनवर नावानिशी निरोप जातो.

हे कुलूप बसवलं त्या दिवशी कारागिराने सगळ्यांची बोटं घेतली. माझं एकही ती काच घेईना. मी उभं आयुष्य पुस्तकबांधणीच्या कारखान्यात कागद दुमडले, सरस लावला. बोटांची टोकं पार गुळगुळीत झालीत. त्याने माझं नाव आधीच टाकून ठेवलं होतं. काच पुसली, माझी बोटं पुसली, फुंकर घातली. मी कंटाळून म्हटलं, मला आकडे पुरेत, आणि चहा टाकायला गेले. बाहेर आले तर तो दाराखालचा भुसा गोळा करत होता. झालं काम, म्हणाला.

पुढे मुलगा अधूनमधून विचारू लागला, दुपारी कुठे गेली होतीस? मी कुठे जाणार, दुपारी मी आडवी होते. तो सुनेकडे बघायचा आणि ती ताटाकडे. मग माझ्या गोळ्यांची डबी कुणीतरी उघडून बघू लागलं. सूनबाई सहज विचारल्यासारखं आज वार कोणता ते विचारू लागली. मी वार बरोबर सांगायचे, तरी तिचा चेहरा काही निवळायचा नाही. मला वेड्यात काढायचं घाटत होतं, एवढं मला कळलं. का, ते कळत नव्हतं.

एका संध्याकाळी मुलगा शेजारी येऊन बसला आणि लहान मुलांशी बोलतात त्या आवाजात म्हणाला, तू दुपारी बाहेर जातेस आणि तुला ते आठवत नाही. फोन पुढे धरला. ‘आई आत आली.’ त्याखाली पुन्हा तेच. माझं बोट यात नाहीच म्हटलं, तर तो म्हणाला, यादीत तुझं नाव आहे, म्हणजे बोट आहेच. कारागिराला त्याने बोलावलंच होतं. आता आतून उघडायलाही बोट लागणार होतं, आकडे बदलणार होते आणि माझं नाव निघणार होतं. भाजी, वाचनालय, खालचा बाक, सगळं विहीणबाईंच्या मर्जीवर. त्या घरात असतातच की, तो म्हणाला.

विहीणबाई म्हणजे सुनेची आई. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून आमच्याकडेच राहतात. एकटीने जिना उतरायचा नाही, अशी लेकीची सक्त ताकीद.

त्या रात्री माझा डोळा लागला नाही. घरात दुपारी माणसं दोनच. मी नव्हते, तर कोण?

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर मी खोलीचं दार लावून घेतलं, घोरण्याचा आवाज काढला आणि खोलीच्या गॅलरीकडच्या दाराने येऊन बैठकीतल्या पडद्याआड खुर्ची टाकली. विहीणबाई पावलं चोरत निघून गेल्या. बऱ्याच वेळाने दाराची धून वाजली. उजव्या हातात काठी, डावा अंगठा अजून काचेवर.

मी पडदा सारून पुढे झाले, तशा त्या जागीच थिजल्या. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मी चहा टाकायला गेले तेव्हा कारागीर माझ्या नावापाशी अडला होता, म्हणून यांनी आपला डावा अंगठा देऊन त्याची सुटका केली. मनात काही नव्हतं म्हणे. नंतर खालच्या शिंप्याच्या दुकानात पत्ते कुटायला जाऊ लागल्या, तेव्हा आकडे ध्यानात राहत नव्हते आणि निरोप माझ्या नावाने जायचा, म्हणून हा अंगठा सोयीचा वाटला. माझी लेक मला पुन्हा खुर्चीला खिळवेल, म्हणाल्या. मी एवढंच म्हटलं, की उद्या कारागीर येतोय.

सुट्टीचा दिवस होता. कारागिराने बॅटऱ्या बदलल्या, कोरड्या फडक्याने काच पुसली आणि आतला भाग पिशवीतून काढला. मी कोचावर हाताची घडी घालून बसले. विहीणबाई उठल्या, बाहेर गेल्या, दार ओढून घेतलं. पळाल्या, मला वाटलं. तेवढ्यात धून वाजली आणि मुलाच्या हातातला फोन बोलला.

‘आई आत आली.’

मुलाने फोनकडे बघितलं, मग कोचाकडे. विहीणबाई अंगठा पुढे धरून उंबऱ्यात उभ्या होत्या.

सूनबाईने आईला हाताला धरून आत आणलं. मग कारागिराला म्हणाली, “आतलं कुलूप मम्मीसाठी बसवा.”

“कुणासाठीच बसायचं नाही,” मी म्हटलं. “ते बसलं तर मी आत्ताच्या आत्ता या दारातून जाते. आणि मग माझ्या नावाने निरोप येणार नाही.”

मुलाने मान खाली घातली. कारागिराने तो भाग परत पिशवीत टाकला आणि कुलुपातून डावा अंगठा पुसून टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी विहीणबाईंनी लेकीला फोन लावला आणि दारात उभं राहून, मलाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की मी पत्ते खेळायला चालले. मग माझ्याकडे वळल्या. “येता का विहीणबाई? जिन्यात धरायलाही होईल.”

मी चपला घातल्या. “येते. पण शेजारी नाही, समोर बसेन. तुमचे दोन्ही हात मला दिसले पाहिजेत.”