साहेब कसे आहेत

फिल्टरचा स्पंज पातेल्यात उकळत होता आणि मी घड्याळाकडे बघत उभी होते. वीस मिनिटं, त्यात एक मिनिट कमी नाही. छत्तीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होते मी. कात्र्या-चिमटे निर्जंतुक करण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. मग एक मासा माझं ऐकत नाही म्हणजे काय?

मासा ह्यांचा. आमचे हे बाथरूममध्ये घसरले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि तीन आठवडे झाले तरी हॉस्पिटलातच होते. घरात उरलो मी आणि तो गोल्डफिश. सात वर्षांचा. ह्यांनी त्याला साहेब म्हणायला सुरुवात केली, कारण वेळेवर खायचं आणि काचेआडून लोकांकडे बघायचं, एवढंच त्याचं काम. मला त्याचं कधी कौतुक नव्हतं. पण रोज चार वाजता भेटायला गेलं की ह्यांचा पहिला प्रश्न, साहेब कसे आहेत. स्वतःच्या पायाचं त्यानंतर.

दहा दिवसांपूर्वी साहेबांच्या शेपटीला पांढरी कड दिसली. दोन दिवसांत ती कड विरायला लागली, जुन्या साडीचा काठ विरतो तशी. शेपूट सडतेय हे मला कोणी सांगायला नको होतं. जंतुसंसर्ग म्हणजे घाण, आणि घाण म्हटली की माझे हात शिवशिवतात. साहेबांना बादलीत काढलं, टाकीतलं सगळं पाणी ओतून दिलं, तळातले खडे गरम पाण्यातून काढले, काच घासली. फिल्टरच्या स्पंजला तर तपकिरी, बुळबुळीत चिकटा बसलेला. शी! इतकी वर्षं हे काय करत होते कोण जाणे. तो उकळला. नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून मगच टाकीत भरायचं, एवढं मला ह्यांच्याकडे बघून ठाऊक होतं. टाकी अशी लख्ख झाली की तिच्यात ऑपरेशन करावं.

तिसऱ्या दिवशी साहेब पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते आणि शेपूट अर्धी गेली होती. मी निळं औषध घातलं, खडे मीठ घातलं आणि सगळं पुन्हा धुतलं. आज तिसऱ्यांदा. जेवढं धुवावं तेवढा तो जास्त सडत होता. माझं बूड एका जागी टेकेना. स्वयंपाकघरातून टाकीपाशी, टाकीपासून स्वयंपाकघरात, पायाला भिंगरी लागलेली. पोळी हातात घ्यावी आणि तशीच ठेवून द्यावी.

ह्यांना मात्र रोज सांगत होते, मस्त आहेत साहेब. तसं तर मी आणखीही एक सांगत होते. डॉक्टर मला बाहेर व्हरांड्यात नेऊन म्हणाले होते की हाड नीट जुळलेलं नाही, वॉकर आता कायमचा, जिना विसरा. आत येऊन मी ह्यांना म्हटलं, पंधरा दिवसांत पळायला लागाल.

स्पंज गार झाला तसा मी मोबाइलवर माशाचा फोटो काढला आणि शोभेच्या माशांच्या दुकानात गेले. दुकानदार माझ्याच वयाचा, बाह्या कोपरापर्यंत ओल्या. त्यानं फोटो बघितला आणि एकच विचारलं, स्पंजचं काय करता. मी अभिमानानं सांगितलं.

त्यानं हातातली जाळी खाली ठेवली. "बाई, तो चिकटा म्हणजे घाण नव्हती. माशाची घाण खाणारे जंतू असतात ते. सात वर्षांची वस्ती तुम्ही उकळून मारलीत. आता तो स्वतःच्याच मुतात बसलाय."

कोणीतरी थोबाडीत मारावी तशी मी उभी. नोकरीत एकदाही मला कोणी असं बोललं नव्हतं, बोलायला जागाच ठेवली नव्हती मी. मग विचारलं, सुरुवातीला नुसतं थोडं थोडं पाणी बदललं असतं तर? तो म्हणाला, शेपूट भरून आली असती. त्यानं आपल्या टाकीतला एक मळका स्पंज काढून पाण्यासकट पिशवीत बांधून दिला. हा लावा, धुऊ नका, रोज पाव टाकी पाणी बदला, बास.

"शेपूट परत येईल?" मी विचारलं.

"मूळ शाबूत असेल तर येते. ही मुळापासून गेलीय. वाचेल तो. शेपूट नाही यायची."

तो घाणेरडा स्पंज मी माझ्या हातांनी टाकीत बसवला आणि पुढचे चार दिवस हात बांधून घेतल्यासारखी वावरले. पाचव्या दिवशी साहेबांनी दाणा खाल्ला. त्या दुपारी हॉस्पिटलात ह्यांनी विचारायच्या आत मी सगळं सांगून टाकलं. स्पंज, उकळणं, तीन वेळा. माझ्यामुळे झालं, असं मी म्हणाले. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बोलत होते आणि मला रडू फुटलं.

हे रागावले नाहीत. म्हणाले, "काहीतरी बिघडलंय हे मला कळलं होतं. पेशंटच्या नातेवाइकांशी बोलायचा तुझा एक आवाज आहे. त्या आवाजात तू मस्त आहेत, मस्त आहेत म्हणत होतीस."

मी डोळे पुसले. साहेब आता पोहतात कसे, त्यांनी विचारलं. म्हटलं, अंगानं रेटतात, जरा तिरके जातात, पण जातात.

त्यांनी पांघरुणाखालच्या आपल्या पायाकडे बघितलं. मग म्हणाले, "आणि पंधरा दिवसांत पळायला लागाल, हेसुद्धा त्याच आवाजातलं ना?"

वॉर्डात मी कधी बसले नाही, बसायची सवयच नाही. त्या दिवशी स्टूल ओढलं, त्यांच्याजवळ बसले आणि डॉक्टर बोलले होते ते शब्दन् शब्द सांगितलं. वॉकर. कायमचा. जिना नाही.

"टाकी कपाटावर आहे," शेवटी ते म्हणाले. "खाली घे. खुर्चीतून दिसेल अशी."

मी बरं म्हटलं.