मालकाच्या रकान्यात खेकडा सेनापती

दोष काकांचा आहे. हे आधीच सांगून टाकतो. मोठ्या माणसाची चूक सांगायची झाली की लोक आधी परिस्थिती सांगतात, मग नशीब सांगतात, आणि चुकणाऱ्याचं नाव येईपर्यंत ऐकणारा पेंगायला लागतो. चित्रकथांच्या चाहत्यांचा वार्षिक मेळावा काकांनी सुरू केला आणि काकांनीच बुडवला. बस.

आता माझी ओळख. मी खेकडा बोलतोय. खाण्यातला नव्हे, घालण्यातला. एका लांबलचक चित्रकथेत समुद्राच्या तळाशी राज्य करणारा एक खेकडा सेनापती आहे, त्याचा मी पोशाख. उंची सहा फूट. पाय आठ, त्यातले दोन आतल्या माणसाचे.

मला घडवलं डिंकीनं. तिचं खरं नाव वेगळं, पण बोटांवर कायम सुकलेला डिंक असायचा म्हणून दोस्तांनी हे ठेवलं. तिनं कॉलेज तिसऱ्या वर्षाला सोडलं. त्यानंतर तिच्या खोलीत लहान मुलांसाठी अंथरतात तसल्या फोमच्या एकोणीस चटया आल्या. त्या कापून, गरम हवेनं वाकवून, डिंकानं जोडून तिनं माझी पाठ केली. माझे सहा पाय तिच्या कोपरांना दोऱ्यांनी बांधले. तिनं कोपर उचललं की सहाही पाय पंख्यासारखे उघडायचे. ती दोऱ्यांची युक्ती बसवायला तिला पाच महिने लागले.

तिचे बाबा बँकेतून निवृत्त झालेले. दारात उभे राहून ते रोज एकच वाक्य म्हणायचे.

"एवढी अक्कल अभ्यासात लावली असतीस तर?"

"तर तुमच्यासारखी काउंटरला बसून लोकांना 'उद्या या' म्हणत असते."

माझी जीभ तिखट वाटत असेल तर हे लक्षात घ्या. मी त्या घरात वाढलो.

मेळाव्यातली सगळी पोरं ज्यांना काका म्हणायची, त्यांच्याबद्दल सांगतो. साठीचे, पांढऱ्या केसांची शेंडी मागे बांधलेली, अंगात नेहमी कुठल्या तरी चित्रकथेचा टी-शर्ट. स्टेजवर चढले की म्हणायचे, "आपण एक कुटुंब आहोत!" आणि दोन हजार पोरं ओरडायची. कारण त्यातल्या बऱ्याच जणांना आपल्या कुटुंबात कुणी विचारत नव्हतं. काकांची कामाची रीत अशी होती: यंदाचा मेळावा संपता संपता पुढच्या वर्षीची तिकिटं विकायची, आणि त्या पैशातून यंदाच्या हॉलचं भाडं भरायचं. सहा वर्षं हे चाललं. सातव्या वर्षी त्यांनी आजीव सभासदत्व काढलं. एकदा भरा, जन्मभर या. डिंकीनं पहिल्या कमाईत ते घेतलं. ज्या माणसाला पुढच्या वर्षाची खात्री नाही तो जन्मभराचं विकतोय, हे विचारायला तिथे एकही मोठा माणूस नव्हता. म्हणजे होते. ते काकांच्या मंडळात होते आणि फुकट जेवत होते.

मेळाव्यात पोशाखांची स्पर्धा असायची. पहिल्या दिवशी टेबलावर नोंद करायची, पोशाखाला आयोजकांचं नारिंगी लेबल बांधून घ्यायचं. आणि इथे या पोरांनी एक गाढवपणा केला, जो जगात दुसरं कुणी करणार नाही. मेळाव्यात कुणी खरं नाव वापरत नाही. तीन दिवस तुम्ही तुमचं पात्र असता. खऱ्या नावानं हाक मारणं म्हणजे अपमान. तेव्हा नोंदवहीत 'मालक' या रकान्यात डिंकीनं ऐटीत लिहिलं: खेकडा सेनापती. पत्ता: समुद्राचा तळ. तिच्या आधीच्यानं लिहिलं होतं कवटी सम्राट. नंतरचीनं, चांदीची राणी. एकेचाळीस पोशाख, एकेचाळीस मालक, आणि त्यातला एकही माणूस नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आधी एसी बंद पडला, मग दिवे गेले, मग काकांचा माईक. ते 'कुटुंब' म्हणत होते, 'कुटुं' एवढंच ऐकू आलं. हॉलच्या मालकाची माणसं आत शिरली. "भाडं आलेलं नाही. अर्ध्या तासात हॉल रिकामा करा." आम्ही एकेचाळीस जण मागच्या खोलीत हँगरला होतो. त्या खोलीला कुलूप लागलं. काका मागच्या दारानं गेले.

तिसऱ्या दिवशी त्यांचा सगळ्यांना मेसेज आला. मेळाव्याचं दिवाळं निघालंय, मन मोठं करा, कुटुंबात हिशेब नसतो.

डिंकीनं खाली लिहिलं, "कुटुंबात मागचं दार पण नसतं, काका."

पुढचे चार महिने मी एका गोदामात काढले. कोर्टानं काकांच्या कंपनीची मालमत्ता विकायला एक बाई नेमल्या होत्या. आम्ही त्यांना यादीवाल्या मॅडम म्हणायचो. त्यांनी आमची नारिंगी लेबलं बघितली, त्यावर आयोजकांचा शिक्का बघितला, आणि आम्हाला यादीत खुर्च्यांच्या खाली, पडद्यांच्या वर, आयोजकांचा माल म्हणून लिहून टाकलं. त्यांचा राग मला कधी आला नाही. त्या कुणाला कुटुंब म्हणत नव्हत्या. तिकिटाचे पैसे मागायला पोरं यायची, त्यांना त्या सरळ सांगायच्या, "रांगेत आधी बँक, मग हॉल, मग छापखाना. तिकीटवाले सगळ्यात शेवटी. आणि शेवटपर्यंत काही उरत नाही."

लिलाव शुक्रवारी ठरला. वाढदिवसांना कपडे भाड्यानं देणारा एक माणूस आम्हाला घाऊक उचलणार होता. त्यानं माझे पाय हलवून बघितले आणि म्हणाला, "हे काढून टाकू, पोरं तोडतात."

आणि डिंकीची सोमवारी मुलाखत होती. नाटकांचे पोशाख बनवणाऱ्या एका मोठ्या कार्यशाळेनं तिला निरोप धाडला होता: फोटो कुणीही दाखवतं, वस्तू घेऊन ये. बाबांनी त्यावर आपली अट ठोकली होती. सोमवारी काम मिळालं नाही तर मंगळवारपासून मामाच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं.

गुरुवारी सकाळी ती गोदामात आली. बाबाही आले. 'तुला बोलता येत नाही' म्हणून.

"पावती?" मॅडम म्हणाल्या.

"चटयांची आहे."

"चटयांची पावती चटयांची. इथे खेकडा आहे."

"माझे फोटो आहेत ना त्यात."

"तोंड कुठे दिसतंय? आत कुणीही असेल."

बाबा पुढे सरकले. हात जोडलेले. "मॅडम, पोरगी लहान आहे, चुकलं तिचं."

"बाबा, माझं काय चुकलं?"

"अगं, आधी चुकलं म्हणायचं. मग कामं होतात."

ही त्या पिढीची सगळी विद्या. चाळीस वर्षं दुसऱ्यांना खेटे घालायला लावले, आणि स्वतः टेबलाच्या या बाजूला आले की पहिल्यांदा मान झुकते.

मॅडमनी नोंदवही उघडली. "हे बघा. मालक म्हणून ज्याचं नाव आहे तो स्वतः हजर झाला, आणि वस्तू आपली असल्याचं त्यानं दाखवून दिलं, तर मी ती लिलावातून काढू शकते. यात तुमचं नाव नाही. यात आहे—" त्यांनी चष्मा सारखा केला. "खेकडा सेनापती."

 मग डिंकीच्या चेहऱ्यावर ते हसू आलं, जे माझे पाय पहिल्यांदा हलले तेव्हा आलं होतं.

"सेनापती आला तर द्याल?"

"कोण?"

"नोंदीतला मालक. दहा मिनिटं द्या."

मॅडमनी घड्याळाकडे बघितलं. "नऊ."

मला चढवायची एक रीत आहे. आधी पोट, मग पाय, मग पाठ. क्रम चुकला की माणूस आत अडकतो. आणि पाठीचे अकरा पट्टे एकट्याला लावता येत नाहीत. दोस्त कामावर होते. गोदामात हात रिकामे होते ते फक्त बाबांचे.

"बाबा, इकडे या. पट्टे लावा. वरून नाही, खालून."

"हा बसत नाही गं."

"बसतो. गुडघा लावा पाठीला आणि ओढा."

"लागेल तुला."

"कॉलेजात तीन वर्षं लागत होतं, तेव्हा कुठे होतात?"

 बाबांनी गुडघा लावला आणि ओढलं. त्या माणसानं मला पहिल्यांदा हात लावला तो असा.

"सातवा पट्टा वेगळाच आहे," ते पुटपुटले.

"मॅडम, लिहून घ्या," आतून डिंकी ओरडली. "अकरा पट्टे. सातव्याचं बकल तुटलं होतं, तिथे माझ्या शाळेच्या दप्तराचं लावलंय. त्याच्या मागे कर्कटकानं कोरलेली उंदराची आकृती आहे."

मॅडम उठल्या, मागे आल्या, बकल उलटं करून बघितलं. उंदीर होता.

मग डिंकीनं कोपरं उचलली.

चार महिन्यांची धूळ एका झटक्यात उडाली. माझे सहाही पाय उघडले, खुर्च्यांच्या थप्पीपासून पडद्यांच्या ढिगापर्यंत. रखवालदार दोन पावलं मागे गेला. बाबांचं तोंड उघडं ते उघडंच.

मॅडम जागेवर जाऊन बसल्या. पेन उघडलं. "नाव?"

"खेकडा सेनापती."

"पत्ता?"

"समुद्राचा तळ."

त्यांनी नोंदवहीवर बोट फिरवलं. चेहऱ्यावर एक रेघ हलली नाही. "जुळतंय," त्या म्हणाल्या आणि शिक्का मारला. "मात्र इथून मालक म्हणूनच बाहेर जायचं. हातात घेऊन नाही. घालून."

डिंकीनं सगळ्यांना मेसेज केला: आपापल्या नावानं या. पाच वाजेपर्यंत अडतीस जण आले. दातांच्या दवाखान्यातली नर्स आली आणि चांदीची राणी होऊन उभी राहिली. कवटी सम्राट घरोघरी पार्सल पोचवायचा, तो हेल्मेट काढून कवटीत शिरला. प्रत्येकजण शेजारच्याचे पट्टे लावत होता. मोठी माणसं टोपलीतल्या खेकड्यांची गोष्ट फार चवीनं सांगतात, एक वर चढला की बाकीचे त्याचे पाय ओढतात म्हणून. टोपली कुणी आणली ते मात्र सांगत नाहीत.

आम्ही रांगेनं रस्त्यावर आलो. बस थांबल्या. ड्रायव्हर खिडकीतून हात हलवत होते. पलीकडच्या फुटपाथवर काका उभे होते. त्यांना कुणी कळवलं कोण जाणे. दोन्ही हात वर करून ते ओरडले, "शाब्बास माझी पोरं! आपलं कुटुंब!" आणि रांगेच्या पुढे यायला निघाले.

"काका," चांदीची राणी म्हणाली, "कुटुंबाचा नंबर सगळ्यात शेवटी असतो. मागे उभे राहा."

ते उभे राहिले नाहीत. निघून गेले. बाबा मात्र माझ्या मागे घरापर्यंत चालले, एक सुटलेला पट्टा मुठीत धरून.

सोमवारी डिंकीला काम मिळालं. आज ती त्या कार्यशाळेत बसते. तिच्या दोऱ्यांच्या युक्तीवर नाटकातले चौदा प्राणी चालतात, आणि प्रत्येकाच्या आत तिनं आपलं खरं नाव लिहिलंय. तुम्हालाही एवढंच सांगणं आहे. स्वतःच्या हातानं काही केलंत तर त्यावर स्वतःचं नाव घाला. कुटुंबाचं नको.

कार्यशाळेतल्या लोकांना त्या सोमवारी माझे पाय आतून कसे हलतात ते बघायचं होतं. डिंकीनं कटर घेतला आणि मला पाठीपासून पोटापर्यंत कापलं. माझे तुकडे आता नमुना म्हणून भिंतीवर टांगलेले असतात. मला परत जोडलेलं नाही.