फिरती मिसिंग

मंगळवारी बाबांनी जीपच्या इंजिनाला लांब पेचकस टेकवला, त्याची मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले.

"मिसिंग मारून राहिली," ते म्हणाले. "पन काल तीन नंबरचा सिलिंडर मेला होता, आज दुसराच कोनी. फॉल्ट फिरते का बे कधी?"

"फिरत असन," मी म्हणाले.

शेजारच्या वेल्डिंगच्या दुकानातून बकारामकाका ओरडले, "शालीकभाऊ, प्रतापगडच्या महादेवाले नवस बोल आता!"

"तुह्या दुकानाले आग लागो म्हनून बोलतो."

नवेगाव बांधच्या रस्त्यावर बाबा टोचनाचं काम करायचे. बंद पडलेल्या, नाल्यात गेलेल्या, धानाच्या बांधीत रुतलेल्या गाड्या या जुन्या पेट्रोल जीपने ओढून आणायच्या. मागच्या कप्पीची साखळी हातानेच ओढावी लागे. हृदय कमजोर झालंय, दोन महिने साखळीला हात लावायचा नाही, असं गोंदियाच्या डॉक्टरांनी बजावलं. बाबांनी मान डोलावली आणि परतताना वाटेतच कुणाचा तरी ट्रॅक्टर बाहेर काढायचं कबूल करून आले.

म्हणून मी त्यांच्या भंगाराच्या डब्यातून चीर गेलेला एक स्पार्क प्लग शोधला. ते जेवून झोपले की मी तो एका सिलिंडरला लावायचे. त्यांनी शोधून काढून डब्यात टाकला, की दुसऱ्या दुपारी दुसऱ्या सिलिंडरला. तीन पायांवरच्या इंजिनाने ट्रॅक्टर ओढता येत नाही. नागपूरहून रजा घेऊन मी आले होते ती वडिलांची सेवा करायला, आणि माझ्या मते ही सेवाच होती.

बाबांनी चालू इंजिनाच्या वायरी एकेक करून काढल्या. पहिली काढली, इंजिन थरथरलं. दुसरी, तिसरी, तसंच. चौथी काढली, तर आवाजात काहीच फरक नाही. म्हणजे चौथा आधीच मेलेला. त्यांनी प्लग बदलला, जुना डब्यात टाकला आणि हात पुसता पुसता म्हणाले, "तीस वर्सं नुसत्या आवाजावर फॉल्ट सांगितला. आता कान गेला वाटते, रीता."

"वय झालं, बाबा," मी म्हणाले. दुपारी तो प्लग दोन नंबरला लावला.

बुधवारी सकाळी चहा पिता पिता ते गेले.

तेरवी झाली, पाहुणे पांगले. आपला कान गेला असं समजून बाबा गेले, आणि ते मी त्यांना समजू दिलं, एवढंच माझ्याजवळ उरलं. गाडी तरी धड करावी म्हणून मी बॉनेट उघडलं. दोन नंबरचा चिरलेला प्लग काढून चांगला लावला. चाबी फिरवली.

मिसिंग तशीच.

बकारामकाका दुकानाच्या दारात येऊन उभे राहिले.

मी बाबांसारख्याच एकेक वायरी काढल्या. मेला होता एक नंबर, ज्याला मी कधी हात लावला नव्हता. प्लग काढला. कोरा, नवा. फक्त ठिणगी पडते तिथली दोन टोकं ठोकून एकमेकांना चिकटवलेली.

मागून खोकल्यासारखा आवाज आला. काका गमछा तोंडात कोंबून हसत होते आणि त्यांचे डोळे वाहत होते.

"काका, हे कोनी केलं?"

"माह्याच हातोडीनं ठोकला. मंगळवारी संध्याकाळी." त्यांनी डोळे पुसले. "तोच चिरलेला प्लग तिसऱ्या बारीनं हाती आला, तवाच ओळखलं होतं त्यानं. म्हने, उद्या गाडी तिलेच ठीक कराले लावतो, पोरगी दोन नंबर बदलून हुशारी मारन अन् गाडी तरी मिसिंगच मारन. मंग पाहू तिचं तोंड."

"कान गेला म्हनत होते ते."

"तुले रडवाले! तुह्यं तोंड पाहून मंग इथं येऊन पोट धरून हसला."

"तुम्ही सांगितलं काऊन नाही मले?"

"शपथ घातली होती त्यानं. मंग तोच चालला गेला. आता शपथ कोनाले विचारून मोडू?"

मी प्लगची टोकं पेचकसाने मोकळी केली. पेचकस दोनदा निसटला.

"समजलं होतं त तेव्हाच गाडी ठीक करून टोचनाले काऊन नाही गेले?" मी विचारलं.

"म्हने, एवढी मेहनत करून राहिली बिचारी, बसतो चार दिवस." काकांनी गमछा खांद्यावर टाकला. "फक्त एक म्हने. एवढे प्लग फिरवते, पन तोंडानं काऊन नाही सांगत मले?"

प्लग लावला. बाबांच्या सीटवर बसून चाबी फिरवली. चारही सिलिंडर सारखे बोलू लागले. काकांना मी सांगितलं होतं, आईला सांगितलं होतं, डॉक्टरांना तर दोनदा; बाबांना मात्र एकदाही नाही. इंजिनाचा आवाज मोठा होता, म्हणून मोठ्यानेच बोलावं लागलं.

"बाबा, मले भेव लागून राहिला होता. तुम्ही मरान म्हनून."